सेन्सेईंनी सांधलेली पळी

मी एक पळी बोलतेय. वाटी स्टीलची, खोलगट. दांडा बांबूचा, चांगला दोन हात लांब. विद्यापीठातल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत शिरलं की उजव्या अंगाला भिंतीवर एक खिळा आहे, त्यावर मी टांगलेली असते. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक पाटी बांधली आहे : ‘हिने पाणी घेऊ नये.’

नवी मुलं पाटी वाचून हसतात. पळीने पाणी घ्यायचं नाही, तर मग करायचं काय? हसू देत. त्यांचा दोष नाही. मला मात्र आज हसण्यावारी न्यायचं नाहीये. जे इतकी वर्षं जिभेवर येऊन राहिलं, जीभच नसल्यामुळे, ते सांगून टाकायचं आहे.

माझा जन्म भांड्यांच्या एका कारखान्यात झाला. एकाच दिवसात आम्ही चारशे बहिणी ठोकून, घासून, चकचकीत होऊन बाहेर पडलो. बहुतेकींच्या नशिबी नूडल्सच्या दुकानातलं कढत सूप आलं. मला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका अवजारांच्या दुकानात पाठवलं. तिथे विळे, दोरखंड आणि रबरी बूट यांच्या शेजारी मी दोन वर्षं लटकत होते. कुणी हात लावला नाही.

मग एका सकाळी एक किडकिडीत गृहस्थ घाईघाईने आत आले.

“पाणी काढायला काही आहे का हो? आमचं भांडं विद्यापीठातच राहिलं.”

दुकानदारीणबाईंनी त्यांना ओळखलं. “तुम्ही ते खाणीचं पाणी तपासायला येणारे प्रोफेसर ना? आणि भांडंच विसरलात?”

“विसरतो म्हणून तर सगळं लिहून ठेवतो.”

“मग भांडं न्यायचं, हे लिहायचं विसरलात वाटतं!”

ते इतक्या मोठ्याने हसले की वरचे विळे हलले. हेच मुनेओका सेन्सेई; सेन्सेई म्हणजे आमच्याकडे गुरुजी. त्यांनी मला घेतलं, आणि तासाभरात मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पाणी प्यायले.

ते पाणी कुरेदानी गावच्या वरच्या अंगाला असलेल्या बंद खाणीतून झिरपत होतं. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. पण त्यात कॅडमियम होतं. ते पाण्यातून भातात उतरतं, भातातून माणसाच्या हाडांत. म्हणून खालची भातखाचरं तीस वर्षं पडीक होती. जुनी माती काढून नवी माती टाकून झाली होती, पण पाणीच वाईट, तर नव्या मातीचं काय चालणार?

सेन्सेईंनी उतारावर पायऱ्यांसारखी तीन तळी केली. पहिल्यात चुनखडीचा थर, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात पाणकणसांचं रान. खाणीचं पाणी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, रमतगमत खाली यायचं आणि वाटेत आपलं विष सोडत जायचं. जिल्हा कचेरीची अट साधी होती : तिसऱ्या तळ्याच्या पाण्यातल्या कॅडमियमचा आकडा सलग दोन वर्षं तीनच्या खाली राहिला, तर ते खाचरांना सोडायचं.

सुरुवातीला आकडा होता एकतीस.

दर पंधरा दिवसांनी सेन्सेई विद्यार्थ्यांना घेऊन यायचे. पाणी माझ्याने घ्यायचं. तेही कसंतरी नाही. वाहत्या पाण्याच्या उगमाकडे तोंड करून उभं राहायचं. मला त्याच पाण्याने तीनदा विसळायचं, विसळलेलं पाणी आपल्या मागे, खालच्या अंगाला टाकायचं. चौथ्यांदा घेतलं ते बाटलीत. सेन्सेई मुलांच्या मागे उभे राहायचे आणि फारसं काही बोलायचे नाहीत. कुणाचा आकडा विचित्र आला आणि तो पाण्याला किंवा पावसाला दोष देऊ लागला, की एवढंच म्हणायचे, “आधी आपला हात तपास. मग पाण्याला नावं ठेव.”

शिकून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी शेवटच्या दिवशी माझ्या दांड्यावर शाईने आपलं आडनाव लिहायचा. हळूहळू अकरा नावं झाली. त्यातला एक पुढे कुठल्याशा शहराचं पाणी सांभाळू लागला, एक जण लांबच्या बेटावर शाळामास्तर झाला. त्यांची पत्रं सेन्सेई तळ्याकाठी बसून वाचायचे आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवायचे. अडलेल्याला उत्तर आयतं लिहून पाठवायचे नाहीत. “तू काय काय करून पाहिलंस ते आधी कळव,” असं लिहायचे.

तळ्यांच्या अगदी खालचं खाचर तोमेयो आजींचं होतं. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. आमची गाडी दिसली की कमरेवर हात ठेवून बांधावर हजर.

“काय पोरांनो, आज तरी काही शिकलात, की नुसतेच चिखलात खेळलात?”

वर बोलायच्या आणि खाली मुळ्याच्या लोणच्याचा डबा, भाताचे गोळे पुढे करायच्या. मुलं तुटून पडायची. आजी म्हणायच्या, “खा. विकतचा तांदूळ आहे. वाईट नाही. पण माझ्या खाचराचा नाही.”

खाचर पडीक असलं तरी त्या दर उन्हाळ्यात त्याच्या बांधांवरचं गवत कापून काढायच्या. एकदा सेन्सेईंनी विचारलं, “आजी, लावणी नाही, काही नाही, मग बांध कशाला साफ करता?”

“पाहुणे येणार नसले म्हणून तुम्ही दात घासायचं सोडता का?”

मुलं माना खाली घालून हसत होती.

“मला मेलीला दुसरं काही नको,” आजी पुढे म्हणाल्या, “माझ्या खाचराचा एक वाडगा भात चावून खायचाय. पण जरा हात उचला. माझे दात काही तुमच्या पाणकणसांसाठी थांबायचे नाहीत.”

सेन्सेईंनी कमरेत वाकून मान लववली. मी त्यांच्या हातात होते. तो हात दांड्यावर घट्ट झालेला मला कळला.

आकडा उतरत होता. एकतीसचा वीस झाला, वीसचा अकरा, मग सात, मग चार. नऊ वर्षं लागली. चारवर आला त्या वर्षी वाकुई आली.

वाकुई म्हणजे लहान चणीची, हळू बोलणारी मुलगी. दार उघडलं तरी माफी मागायची, मिटलं तरी माफी मागायची. पण पाणी घेताना तिचा हात सगळ्यांत स्थिर. आजींचा तिच्यावर जीव जडला. “पोरी, तू आलीस ना, आता माझा भात शिजलाच समज,” असं त्या म्हणाल्या आणि वाकुईने नको तो शब्द दिला : “आजी, मी शिकून बाहेर पडायच्या आत तुम्हाला तो वाडगा मिळेल.”

त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या तळ्याच्या कडेला शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय घसरला. ती सावरली, मी सुटले. दगडावर अशी आदळले की वाटी आणि दांडा धरणारी नळी एकमेकींपासून फाटल्या.

वाकुई चिखलात गुडघे टेकून बसली. “माफ करा सेन्सेई, माफ करा, माफ करा...”

“तू पडलीस का?”

“नाही.”

“मग पळी पडली. पळ्या पडतातच.”

“मी नवी घेऊन येते.”

“नव्या पळीवर ही अकरा नावं कुठे असणार?”

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी तिला विद्यापीठाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथे एका निवृत्त कारागिराचं जुनं सामान पडून होतं. त्यातल्या एका डबीत चांदीच्या डाखाची तार होती. डबीवरचा कागद झिजून गेला होता. सेन्सेईंनी शेगडी पेटवली, तार वितळवली आणि माझ्या फाटलेल्या सांध्यावर बारीक, सुबक डाख दिला. मग माझ्यात पाणी भरून मला उजेडात धरलं. एक थेंबही गळला नाही.

“बघ. पहिल्यापेक्षा मजबूत झाली. मोडलं की टाकून द्यायचं नसतं, वाकुई. वस्तू नाही आणि माणूसही नाही.”

वाकुई रडली. मीही रडले असते. ज्याने आपल्याला सांधलं त्याच्याबद्दल काय वाटतं, ते सांधलेल्यालाच ठाऊक.

पण त्या जुन्या तारेत चांदी होती, तांबं होतं, आणि ती लवकर वितळावी म्हणून पूर्वीच्या रीतीने घातलेलं कॅडमियमही होतं.

मला हे पहिल्याच अंघोळीत समजलं. पाणी घेण्याआधी प्रयोगशाळेत मला पातळ आम्लाने धुवायचे. पूर्वी ते अंगावरून नुसतं निथळून जायचं. आता सांध्यापाशी चुरचुरलं आणि काहीतरी सुटून येऊ लागलं. आपल्या अंगातून काय गळतंय, हे आपल्याला कळतंच. पळीला हात असते तर मी त्याच क्षणी दोन्ही हातांनी सांधा झाकून धरला असता.

पुढच्या खेपेला तिसऱ्या तळ्याचा आकडा आला सात.

सगळे चक्रावले. चाराचे सात कसे झाले? कुणी म्हणालं पाणकणसं म्हातारी झाली, कुणी म्हणालं चुनखडी संपली. सेन्सेईंनी बाटल्या तपासल्या, गाळण्या तपासल्या, यंत्र तपासलं. सगळं चोख. मग साहजिकच वाटलं की तळीच बिघडली. मला कुणी तपासलं नाही. का तपासतील? नऊ वर्षं मी इमानाने पाणी दिलं होतं.

पुढच्या मार्चमध्ये सेन्सेई निवृत्त झाले. शेवटच्या व्याख्यानाला सभागृह भरलं होतं, माझ्या दांड्यावरच्या अकरा नावांपैकी नऊ जणं आली होती. व्याख्यान संपल्यावर सेन्सेईंनी मला दोन्ही हातांत आडवं धरून वाकुईपुढे केलं.

“आता ही तुझ्याकडे. तळीही तुझ्याकडे. अडलीस तर फोन कर. पण काय करून पाहिलंस ते आधी सांगायचं.”

वाकुईने कष्टांत कसर ठेवली नाही. चुनखडी बदलली, पाणकणसं मुळांसकट उपटून नवी लावली, गाळ उपसला. हाताला फोड आले. आकडा सातच्या खाली आला नाही. जितका आकडा वाईट यायचा, तितकी ती मला अधिक काळजीने धुवायची. आम्लात आधी घटकाभर ठेवायची, मग दिवसभर ठेवू लागली. तिची काळजी जेवढी वाढली, तेवढी मी जास्त पाझरले. याहून वाईट काय असतं? आपलं माणूस आपल्याला माया करतंय आणि त्या मायेनेच आपल्या हातून त्याचं वाटोळं होतंय.

मग ऑक्टोबरमधला तो दिवस आला. त्या दिवशी वाकुई घरूनच परस्पर बसने कुरेदानीला गेली आणि मी खिळ्यावरच राहिले. तिथे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने येऊन सोबतच्या मुलांना सांगितलं की आजी तिला म्हणाल्या, “भांडं विसरलीस? तुझे सेन्सेईसुद्धा पहिल्या दिवशी विसरलेच होते. वारसा बाकी झकास चालवतेस!” आणि देवळामागच्या झऱ्यावर पाणी प्यायला ठेवलेली स्वतःची लाकडी पळी त्यांनी तिला दिली. तिने तिसऱ्या तळ्याचं पाणी त्या पळीने घेतलं.

आकडा आला दोन.

दोन! मी खिळ्यावर होते आणि मला वाटलं, सुटले सगळे. आता तरी पोरगी माझ्याकडे वळून बघेल.

ती वळली, पण फोनकडे. मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं.

“सेन्सेई, मी वाकुई... हो, बरी आहे. आकडा दोन आलाय... नाही, पळी वेगळी होती. लाकडी. झऱ्यावरची... नाही, आम्लाने धुतलेली नव्हती. हो... आधी कशाकशाला लागली असेल ते माहीत नाही. हो, बरोबर आहे. ज्या भांड्याची खात्री नाही त्याचा आकडा धरायचा नाही. कळलं. माफ करा, मीच विसरले.”

तिने फोन ठेवला. नोंदवही उघडली. आमच्याकडे चुकलेला आकडा पुसत नाहीत. त्यावर पट्टीने दोन आडव्या रेघा ओढतात आणि त्या रेघांवर आपला शिक्का मारतात, म्हणजे खोडणाऱ्याने खोडल्याची जबाबदारी घेतली असं होतं. वाकुईने ‘दोन’वर दोन रेघा ओढल्या. लाल शाईत बुडवून आपला करंगळीएवढा गोल शिक्का नीट दाबला. शेजारी लिहिलं : भांडं नियमाबाहेरचं.

मी तिच्यापासून चार पावलांवर होते. वारा आला असता तर निदान भिंतीवर खडखडले असते. खिडकी बंद होती.

नियम खोटा नव्हता. खात्री नसलेलं भांडं धरू नये, हे खरंच आहे. पण माझी खात्री होती कुणाला? होती ती माया होती. ज्या सांध्यापाशी त्या पोरीला माफी मिळाली होती, त्या सांध्यावर ती संशय घेणार तरी कशी?

त्यानंतर तिने कारण शोधायला आणखी लांब हात घातला. देवळामागच्या झऱ्याचंही पाणी घेतलं. माझ्याने घेतलं. पूर्वी तिथे नेहमी शून्य यायचं. आता आले पाच. मग अहवालात लिहिलं गेलं की खाणीचं पाणी जमिनीखालून झऱ्यापर्यंत पोचलं असावं. कुणी पिऊ नये म्हणून गावाने झऱ्याला दोरी बांधली.

ज्या दिवशी दोरी बांधली त्या दिवशी आजी तळ्यावर आल्या. हातात लोणच्याचा डबा नव्हता.

“वाकुई, खरं सांग. माझ्या आयुष्यात होईल का ते?”

वाकुईने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. “मला माहीत नाही, आजी.”

“अगं, भल्या माणसाचं ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’च असतं.” आजी थोड्या हसल्या. “रडू नकोस. मुलगा किती वर्षं मागे लागलाय, खाचरात देवदार लावू म्हणून. लावू दे. देवदाराला तीन चालतात, सातही चालतात. त्याला कुठे वाडग्यात बसायचंय?”

माझ्या वाटीतून एक थेंब ओघळून तिसऱ्या तळ्यात पडला. आजी पाठमोऱ्या झाल्या. त्यांनी त्या वर्षी शेवटचं बांधांवरचं गवत कापलं, आणि कापलेल्या बांधांच्या आत देवदाराची वीतभर रोपं लागली.

सहा वर्षं गेली. वाकुई आता स्वतःच शिकवू लागली होती. मुलं तिला सेन्सेई म्हणत. आकडा तसाच राहिला आणि ती तिसऱ्या तळ्याबद्दल कमी बोलू लागली. दांड्यावर नावं वाढून पंधरा झाली. तिने स्वतःचं नाव मात्र कधी लिहिलं नाही.

मग होसोदा बाई आल्या. वय शेहेचाळीस. सोया सॉसच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं माल तपासण्याचं काम करून, मुलगी मोठी झाल्यावर शिकायला आलेल्या. वाकुईहून वयाने मोठ्या आणि शिकायला तिच्या हाताखाली. त्यामुळे दोघी एकमेकींशी ‘सेन्सेई’, ‘सान’ लावून इतक्या अदबीने बोलायच्या की साधा चहा विचारायलाही पाच मिनिटं लागायची.

वाकुईने त्यांना पहिलं काम दिलं : जुन्या नोंदवह्या संगणकात उतरवायच्या. तिसऱ्या दिवशी होसोदा बाई वही घेऊन उभ्या राहिल्या.

“वाकुई सेन्सेई, आपल्याला त्रास देते. हा ‘दोन’ का बरं खोडलाय?”

“भांडं आपलं नव्हतं. लाकडी पळी होती, तपासलेली नव्हती.”

“हो का. आणि आपली पळी कधी तपासली होती?”

“बाटल्या आम्ही दर वेळी तपासतो, होसोदासान. गाळण्याही तपासतो.”

“ते पाहिलं मी. फार छान लिहिलंय. मी पळीचं विचारतेय.”

वाकुईने माझ्याकडे पाहिलं. “ती मुनेओका सेन्सेईंनी स्वतः...” आणि ती थांबली.

होसोदा बाई हळूच म्हणाल्या, “आमच्या कारखान्यात मालकांच्या आजोबांची पळी होती. देव्हाऱ्यात ठेवलेली. वर्षातून एकदा पहिला सॉस तिने काढायचे. तिलाही आम्ही तपासायचो हं. आजोबा काही रागावले नाहीत कधी.”

मग वाकुई उठली. तिने मला खिळ्यावरून उतरवलं, माझ्यात पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून काढलेलं निर्मळ पाणी भरलं, आणि जेवढा वेळ तळ्यावर लागतो तेवढा वेळ तसंच ठेवलं. ते पाणी बाटलीत भरून तपासायच्या यंत्रात घातलं.

आकडा आला पाच. पुन्हा केलं, पाच. तिसऱ्यांदा, पाच.

शुद्ध पाण्यात पाच. तिने अंगठा माझ्या सांध्यावरून फिरवला. “धन्यवाद, होसोदासान,” एवढं म्हणून ती तोंड धुवायला गेली आणि नळ कितीतरी वेळ चालूच राहिला.

त्याच आठवड्यात नव्या प्लास्टिकच्या भांड्याने पाणी घेतलं. तिसरं तळं : एक. झरा : शून्य. जुने सगळे आकडे पुन्हा मांडले तेव्हा दिसलं की मला डाख दिला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी तळ्याचं पाणी तीनच्या खाली गेलं होतं. तळ्यांनी आपलं काम केव्हाच पुरं केलं होतं.

वाकुई मला फडक्यात गुंडाळून मुनेओका सेन्सेईंच्या घरी घेऊन गेली. ते आता काठी घेऊन चालत होते. तिने, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे, काय काय करून पाहिलं ते आधी सांगितलं. ते चष्मा लावून माझ्या सांध्याकडे पाहत राहिले.

“डबीवर काय लिहिलं होतं?”

“काही वाचता येत नव्हतं, सेन्सेई.”

“वाचता येत नव्हतं, आणि मी वापरली.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्हा सगळ्यांना मी सांगत आलो, आधी आपला हात तपासा. माझा कुणी तपासला नाही. आणि मी तो पुढेही केला नाही.”

“पळी मोडली होती मी.”

“मोडलीस तू. नासवली मी.”

दोघं कुरेदानीला गेले. मला बरोबर नेलं. आजींच्या दारात दोघांनी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. मी सेन्सेईंच्या शेजारी आडवी पडले होते, मला तर उठून बसताही येत नव्हतं.

“अहो, उठा, उठा!” एकोणनव्वद वर्षांच्या आजी ओरडल्या. “गुडघे धरले म्हणजे तुम्हाला उचलायला मी माणसं कुठून आणू?”

वाकुईने सगळं सांगितलं. आजींनी विचारलं, “म्हणजे पाणी चांगलं होतं?”

“हो, आजी.”

“केव्हापासून?”

“आठ वर्षं झाली.”

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या खाचरात देवदार माणसाहून उंच झाले होते, आत उन्हाचा कवडसा पडत नव्हता.

“आठ वर्षं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा माझे सगळे दात होते.”

त्या एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने त्या उठल्या, दोघांना घेऊन देवळामागे गेल्या आणि झऱ्याची दोरी स्वतःच्या हाताने सोडली. सेन्सेईंना काय वाटलं कोण जाणे. हाताच्या जुन्या सवयीने त्यांनी मला झऱ्यात बुडवलं, तीनदा विसळलं, चौथ्यांदा भरलं आणि आजींपुढे केलं.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. “हिच्यातून नको, सेन्सेई,” त्या म्हणाल्या आणि वाकून ओंजळीने पाणी प्यायल्या.

सेन्सेईंनी माझं पाणी खालच्या अंगाला ओतून दिलं. त्यानंतर मी कुठल्याही तळ्याचं वा झऱ्याचं पाणी घेतलेलं नाही.

वाकुईने आपले जुने शोधनिबंध मागे घेतले आणि चूक कशी झाली ते सगळ्यांसाठी लिहून काढलं. नोंदवहीतल्या खोडलेल्या ‘दोन’शेजारी तिने पुन्हा ‘दोन’ लिहिलं आणि त्यावरही शिक्का मारला. माझ्या गळ्यात पाटी बांधली, पण मला टाकलं नाही. आता प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी माझ्यात शुद्ध पाणी भरून त्याचा आकडा काढावा लागतो. मग वाकुई विचारते, “हे कुठून आलं?” मुलं पाण्याला दोष देतात, यंत्राला देतात. ती मागे उभी राहते आणि फारसं काही बोलत नाही.

पहिल्या वर्षी आकडा पाच आला होता. पुढच्या वर्षी चार, यंदा तीन. माझ्यातलं विष संपत आलंय. एक दिवस शून्य येईल आणि कुणीतरी भलं पोर म्हणेल, “हिच्यात काहीच नाही की! काढा ती पाटी.” बाळांनो, त्या दिवशीही मला तपासा. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तपासा. मला राग येणार नाही.

आज सकाळी वाकुईने पिशवीत विळा घातला. होसोदा बाईंच्या डोक्यातून निघालेली गोष्ट आहे : शाळेतली मुलं बादलीत भात लावतात, तसं आजींच्या अंगणात तीन बादल्यांत लावलंय. माती त्यांच्याच खाचराची, बांधालगतची देवदारातून वाचलेली. पाणी तिसऱ्या तळ्याचं. “विद्यापीठात जन्म घालवलात आणि शेवटी बादलीत शेती!” असं आजी म्हणाल्या म्हणे, पण चिमण्या हाकायला उन्हाळाभर काठी घेऊन त्याच बसल्या. तीन बादल्यांत मिळून जेमतेम एक वाडगा होईल.

निघताना वाकुई माझ्यापाशी थांबली. दांड्यावरच्या नावांवरून तिने बोट फिरवलं. शेवटच्या नावाखाली थोडी जागा आहे, तिथे ते क्षणभर थांबलं. मग ती गेली.

कापणी होईल, झोडणी होईल, भात वाळेल, मग शिजेल. आजी तो चावून खातील की पेज करून, चव कशी लागेल, काय बोलतील, यातलं मला काहीच कळणार नाही. तिथे न्यायच्या वस्तूंमध्ये मी नाही, आणि ते बरोबरच आहे. होसोदा बाईंनी जाताना खिळा जरा फिरवला, त्यामुळे माझं तोंड आता दाराकडे आहे. वाकुई परत येईल तेव्हा तिचा चेहरा तेवढा मला दिसेल.